पितराचा पेला

माझे वडील धुळ्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खिडकीमागे त्यांना पुष्कळ कामं असायची, पण गावाला ठाऊक होता तो त्यांचा माईकवरचा आवाज. भाजीबाजारातसुद्धा एखादा ओळखीचा माणूस हटकायचा, "निंबा आबा, शिरपूर लागली का?" आणि आबा मेथीची जुडी हातात धरून तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "अजून गेटात दिसली नाही."

हा त्यांचा नियम होता. गाडी गेटातून आत येताना डोळ्यांनी दिसल्याशिवाय लागली म्हणायचं नाही. आणि रद्द झाली की लगेच सांगून टाकायचं. "लोक शिव्या देतात," ते म्हणायचे. "देऊ दे. माणूस उन्हात उभा असतो. त्याला ताटकळत ठेवण्यापेक्षा शिव्या बऱ्या."

निवृत्तीनंतर तो आवाज बंद झाला असं आम्हाला वाटलं होतं. माझ्या मुलीसाठी तो परत सुरू झाला.

हिताक्षी, आमची हितू, आता नऊ वर्षांची आहे. लहानपणापासून तिला अचानक काही झालेलं चालत नाही. खेळता खेळता जेवायला बोलावलं, नेहमीच्या रस्त्याऐवजी दुसऱ्या रस्त्याने नेलं, पाहुणे न सांगता आले, की ती जमिनीवर आडवी पडायची. ओरडायची, चावायची, हाताला लागेल ते भिरकावायची. जळगावच्या डॉक्टरांनी या वागण्याला एक नाव दिलं, पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला आणखी एक जोडलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दोन्ही नावांवर जे मिळालं ते मी वाचून काढलं. समजलं पुष्कळ. पण भर रस्त्यात हातपाय झाडणाऱ्या मुलीला उचलून घेताना त्यातलं काही हाताशी येत नसे.

एका दिवाळीत आम्ही धुळ्याला, देवपूरच्या घरी होतो. हितूला आंघोळीला न्यायचं होतं आणि ती पलंगाच्या पायाला मिठी मारून किंचाळत होती. माझा नवरा हर्षल तिचे हात सोडवत होता, मी पाय. आबांनी माठावरचा स्टीलचा पेला उचलला, तोंडासमोर धरला आणि आतून घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कुमारी हिताक्षी यांची आंघोळीला जाणारी गाडी, मार्गे टॉवेल, साबण, थोड्याच वेळात फलाट क्रमांक दोनवर, म्हणजे मोरीत, लागत आहे."

हितू थांबली. डोळ्यांत पाणी तसंच, पण मान वर.

"आत्ता कुठे आहे?" तिने विचारलं.

"गेटाबाहेर आहे. पाणी तापलं की आत येईल."

पाणी तापलं. आबांनी पुन्हा पुकारलं. ती उठली आणि स्वतःच्या पायांनी मोरीत गेली. हर्षल जमिनीवर बसून राहिला. "सासरेबुवा," तो म्हणाला, "ही गाडी रोज जळगावपर्यंत सोडता येईल का?"

सोडावी लागली. सकाळ-संध्याकाळ फोन लावून आम्ही तो तिच्या कानाशी धरायचो. शाळेला जाणारी गाडी, जेवणाची गाडी, झोपेची गाडी. कधी बेत बदलला तर आबा तेही सांगायचे: "बागेत जाणारी गाडी काही अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." ती रडायची, पण आडवी पडायची नाही. तिला रद्द झालेली गाडी समजत होती. न सांगता गेलेली समजत नव्हती.

मी स्वतः एकदोनदा पेला तोंडाशी धरून पाहिला. हितूने तो हातातून काढून घेतला. "तू नाही. तुला गाड्या माहीत नाहीत."

जळगावात मेहरूणमधली तिची शाळा वाईट नव्हती. बाईही वाईट नव्हत्या. पण वर्गात पन्नासच्या वर मुलं आणि वेळापत्रक दर दोन दिवसांनी बदलायचं. गेल्या दिवाळीनंतर एकदा चित्रकलेच्या तासाला आयत्या वेळी गणित घेतलं, तेव्हा हितूने बाईंच्या मनगटाचा चावा घेतला. मुख्याध्यापिकांनी आम्हाला बोलावून चहा दिला. चहा देतात म्हणजे काय ते मला दारातच कळलं.

"हे वर्ष पूर्ण करा," त्या म्हणाल्या. "जूनपासून मात्र तुम्ही तिच्यासाठी काहीतरी वेगळं बघा, मॅडम. आम्ही काढलं असं व्हायला नको. तुम्ही नेलं असं होऊ द्या."

मी हे फोनवर सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "जळगाव फुल झाली तर धुळ्याहून बघू."

त्यांनी खरंच बघितली. नकाणे तलावाच्या रस्त्याला एका जुन्या कापसाच्या गोदामात चेलना ताई नावाच्या बाई वीस-बावीस मुलांची शाळा चालवत होत्या. माहेरच्या कापडदुकानाची गादी सोडून त्या या कामात पडल्या, म्हणून घरचे अजून त्यांच्यावर नाराज होते. जानेवारीत आम्ही सगळे तिथे गेलो. वर्ग नव्हते. चार कोपरे होते. एका कोपऱ्यात मुलं ज्वारी निवडत होती, दुसऱ्यात एक मुलगा दोन्ही कानांवर हात ठेवून बसला होता आणि त्याला कुणी उठवत नव्हतं. भिंतीवर दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रं ओळीने लावलेली होती. हितू त्या चित्रांसमोर जाऊन उभी राहिली. हलेना.

चेलना ताईंनी आबांना विचारलं, "हिला कोण सांगतं आता काय होणार ते?"

आबांनी इकडेतिकडे पाहिलं, पाण्याच्या टाकीवरचा पेला घेतला आणि पुकारलं. गोदामात आवाज चांगला घुमला. ज्वारी निवडणारी मुलंसुद्धा वळून बघू लागली. कानांवर हात ठेवलेल्या मुलाने एक हात काढला.

ताई हसल्या. मग त्यांनी अट सांगितली. त्यांच्याकडे वसतिगृह नाही. मूल घरून यायचं आणि पहिलं वर्षभर घरचं एक माणूस रोज सोबत येऊन बसायचं. तेच माणूस. बदली चालणार नाही.

"मी येतो ना," आबा म्हणाले. "घरी बसून बायकोच्या डाळीत खडे शोधण्यापेक्षा इथे ज्वारीतले शोधेन."

"माझ्या डाळीत खडे नसतात," आई म्हणाली. आईचं नाव नर्मदाबाई, आणि तिच्या डाळीत खरंच खडे नसत.

ठरलं. जूनपासून हितू धुळ्याला आजी-आजोबांकडे राहील, आम्ही शनिवार-रविवार जाऊ. परतीच्या गाडीत हितूने सगळे थांबे उलटे म्हटले, पाळधीपासून फागण्यापर्यंत. हर्षलने कितीतरी महिन्यांनी माझा हात हातात घेतला.

फेब्रुवारीत आबा गेले. सकाळी दूध आणायला निघाले, जिन्यात श्वास घ्यायला बसले आणि उठले नाहीत.

हितूला आम्ही अंत्ययात्रेला नेलं नाही. एवढी गर्दी, रडणं, तिला सोसणार नाही म्हणून हर्षलची बहीण तिच्याजवळ जळगावला थांबली. पोरीने विचारलं तेव्हा तिने आपल्यात जे सांगतात तेच सांगितलं: आबा गावाला गेले.

दुसऱ्या कोणत्याही मुलाने महिनाभरात त्यातलं काय खरं ते ओळखलं असतं. हितूने विचारलं, "कोणत्या गावाला?" आत्या म्हणाली, "लांब." हितूने विचारलं, "परतीची गाडी कधी?" आत्या म्हणाली, "येतील हं लवकर."

तेव्हापासून रोज सकाळी हितू फोनसमोर बसायची. मी धुळ्याहून परतले तेव्हा तिने मला पहिलं वाक्य ऐकवलं, "आबांची गाडी गेटात दिसली नाही." मी तिला जवळ घेतलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मला स्वतःलाच ते वाक्य मोठ्याने म्हणता येत नव्हतं. स्मशानातून आल्यापासून मी "आबांचं झालं", "आबांनंतर", "ते तसं झाल्यावर" असंच बोलत होते. भाषेत अशा आडवाटा किती आहेत, हे मला त्या दिवसांत कळलं.

मार्च संपता संपता हर्षलने नाशिककडच्या एका निवासी शाळेचा विषय काढला. "वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "पण धुळ्याला आता कोण आहे? आई स्वतःचं जेवण दुपारी तीनला घेतात. त्यांना हितूची भीती वाटते. आणि तू नोकरी सोडून जाऊन बसलीस तरी... ती ऐकते का तुझं?"

"नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी. तिथे शिकलेली माणसं असतात, मोना. आपण नुसतं प्रेम करतो."

तो दुष्टपणाने बोलत नव्हता. त्याच्या दंडावर चाव्याचे दोन जुने व्रण आहेत, आणि उन्हाळ्यातही तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.

आम्ही ती जागा पाहून आलो. स्वच्छ होती. एका रंगाच्या चादरी, एका उंचीच्या खिडक्या, बोलणारी माणसं मृदू. आम्ही तिथे असताना घंटा झाली आणि मुली रांगेने कुठेतरी निघाल्या. हितूने माझी ओढणी ओढली. "ही कोणती गाडी?" मी एका बाईंना विचारलं. "घंटा झाली की त्यांना कळतं," त्या म्हणाल्या. हितू मान वर करून आणखी काही ऐकू येईल म्हणून वाट बघत राहिली. घंटेने काही सांगितलं नाही. बाहेर आल्यावर ती फाटकाशी आडवी पडली, आणि त्या मृदू बाईंनी हर्षलकडे पाहून समजुतीने मान हलवली. जणू म्हणत होत्या, ठेवून जा, होईल सवय.

एप्रिलमध्ये चेलना ताईंचा फोन आला. जागा त्यांनी धरून ठेवली होती, पण रांगेत आणखी दोन मुलं होती. "आखाजीपर्यंत सांगाल का?" त्यांनी विचारलं. आणि जोडूनच, "हितूला सांगितलंत का, आबांचं?"

"गावाला गेलेत असं सांगितलंय."

"मोनालीताई, रागावू नका. माझ्याकडे येणारं माणूस खऱ्या वेळा सांगणारं लागतं. आवाज कसा का असेना."

मी आखाजीपर्यंत सांगते म्हटलं.

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशची अक्षय्यतृतीया. एरवी लेकीबाळींचा सण, माहेरी येऊन झोक्यावर बसायचा. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरायची. लाल घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज आणि आंबे. आणि कुणीतरी पुरुष 'पितर' म्हणून जेवायला बोलवायचा. त्याचे पाय धुवायचे, त्याला पाटावर बसवायचं, त्याच्या रूपाने गेलेला माणूस जेवतो असं धरायचं. पितर पोटभर जेवून उठला म्हणजे गेलेला तृप्त. या वर्षी आमच्या घरात आबांची पहिली घागर होती.

सगळं बेबाआत्याने हातात घेतलं होतं. ती आबांची थोरली बहीण. धाकट्या भावाच्या मागे राहिल्याचा राग ती भांड्यांवर काढत होती. तिने पितर म्हणून लोटन काकांना बोलावलं. ते आबांबरोबरचे ड्रायव्हर, आबांच्याच वयाचे, त्यांच्यासारखेच उंच. आत्याने आबांचं एक नवं धोतर त्यांच्यासाठी काढून ठेवलं.

सकाळपासून घरात खापरावरच्या मांड्यांचा वास होता. हितू ओट्याजवळ उभी राहून बघत होती. ती शांत होती, कारण मांडे आधीपासून सांगितलेले होते. आत्याला तिचं कौतुक वाटलं असावं. पुरणाचा गोळा थापटत ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "देख वं हितू, आज तुना आबा येतीन. जेवाले."

मी चटणी वाटत होते. मी वळून पाहिलं.

"कधी?" हितूने विचारलं.

"ह्या मांडा झाया का लगेच."

"कोणत्या फलाटावर?"

"आते हाई काय इचारस?" आत्या हसली. "तठे, पाटवर बठतीन ना."

"आत्या," मी म्हटलं, "तिला असं नको सांगूस."

"मंग काय सांगू? पितर येत नही सांगू? आखाजीना दिवशी?" तिचे डोळे भरून आले. "मना भाऊ येवाव शे आज. कोनी काही बोलू नका."

मी पुन्हा चटणी वाटू लागले. त्या दिवशी त्या घरात तिला आडवं बोलायची कुणाचीच तयारी नव्हती. आई देवघराच्या भिंतीला टेकून बसली होती, हातात पदराचं टोक. हितू ओट्यापासून निघाली आणि दारात जाऊन उभी राहिली. देवपूरच्या त्या गल्लीत वैशाखाचं ऊन पांढरं झालेलं असतं. मी तिला आत ओढायला गेले तर ती म्हणाली, "गेटात दिसायला पाहिजे." कपाळावरून घाम ओघळत होता. हर्षलने तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विचारणं होतं, दोष नव्हता. मला तेच जास्त लागलं.

लोटन काका आले. हितूच्या बाजूने आत शिरले, ती रस्त्याकडेच बघत होती. त्यांनी पाय धुतले, नवं धोतर नेसले, संकोचाने पाटावर बसले. घागरीसमोर आत्याने पाण्याचा पेला भरून ठेवला होता, पितरासाठी. तोच माठावरचा स्टीलचा पेला. चुलतभाऊ नवलने निखाऱ्यावर तुपाचा घास टाकला. धूर उठला. आत्याने काकांना गंध लावलं आणि हात जोडून भरल्या आवाजात म्हणाली, "जेवा आबा."

हितू वळली.

तिने पाटाकडे पाहिलं. धोतराकडे पाहिलं. मग पुन्हा दाराकडे, मग पाटाकडे.

"हे आबा नाहीत," ती म्हणाली.

"आजना दिवस हाईच आबा शेतस, बाई," आत्या म्हणाली.

"हे लोटन काका आहेत! आबांची गाडी लागली नाही! लागली नाही आणि तुम्ही लागली म्हटलं!"

मग ते सुरू झालं. तिने ताटाला लाथ मारली. आमरस भिंतीवर उडाला. आत्या तिला धरायला वाकली तर हितूने तिच्या हाताचा चावा घेतला. नवलने तिला कमरेला उचललं तेव्हा ती एवढ्या मोठ्याने किंचाळली की शेजारची मंडळी गच्चीवर आली. लोटन काका पाटावरून अर्धे उठले. आई पहिल्यांदा बोलली. ओरडलीच. "लोटनभाऊ, उठू नका! उपाशी उठू नका!" पितर उपाशी उठला म्हणजे तिचा नवरा उपाशी परत गेला. काका तसेच थिजले, बसलेले ना उभे.

हर्षल माझ्या कानाशी म्हणाला, "आता तरी नाशिकचं ठरवू या, मोना. तूच बघ."

मी बघत होते. तीन महिने ही मुलगी उन्हात उभी होती. आम्ही सगळ्यांनी, शहाण्यासुरत्या माणसांनी, तिला तिथे उभं केलं होतं आणि येतील हं, येतील हं म्हणत आपण सावलीत बसलो होतो.

मी घागरीपुढचा पेला उचलला. त्यातलं पाणी तुळशीत ओतलं.

"मोना! पितरना पेला शे तो!" आत्या चावलेला हात धरून कळवळली.

"पेला आबांचा आहे, आत्या," मी म्हटलं. "नवल, सोड तिला."

तिने सुटताच जमिनीवर लोळण घेतली. मी तिच्याजवळ बसले, अगदी जवळ नाही. पेला तोंडासमोर धरला. स्टील गार होतं.

"प्रवाशांनी," मी म्हटलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

तिचे पाय अजून जमिनीवर आपटत होते.

"गावाला गेलेले आबा, यांना घेऊन येणारी गाडी रद्द करण्यात आली आहे."

पाय थांबले.

"कशामुळे?" तिने जमिनीवरूनच विचारलं. निखाऱ्यावरचं तूप तडतडत होतं.

आबांनी इथे 'काही अपरिहार्य कारणास्तव' म्हटलं असतं. माझ्याही ओठांवर ते आलं होतं. तीही एक आडवाटच होती.

"आबा वारले," मी पेल्यात म्हटलं. "फेब्रुवारीत. त्यांचं हृदय बंद पडलं. माणूस वारला की परत येत नाही. ते गावाला गेले नव्हते. आम्ही चुकीचं पुकारलं."

आईच्या तोंडून एक आवाज आला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं म्हणता आलं नसतं.

"पुढची गाडी?" हितूने विचारलं.

"पुढची नाही."

"उद्या?"

"उद्या नाही. कधीच नाही. या मार्गावरची गाडी कायमची बंद झाली आहे." मग मला वाक्य पुरं करावं लागलं, कारण ती वाट बघत होती. "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

ती उठून बसली. गालाला आमरस लागला होता. रडली नाही. कितीतरी वेळ उभं राहून दमलेलं माणूस बसतं तशी भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळाने लोटन काकांकडे बघून म्हणाली, "तुम्ही लोटन काका आहात."

"हो बेटा," काका म्हणाले. ते रडत होते.

"मग काका म्हणून जेवा."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. चावलेला हात तिने पदरात गुंडाळला होता. आईने हळूच मान हलवली. आत्याने दुसरं ताट वाढलं, काकांसमोर ठेवलं आणि म्हणाली, "जेवा, लोटनभाऊ." ते जेवले. एकेक घास गिळायला त्यांना वेळ लागत होता. जेवून उठताना त्यांनी घागरीकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "निंबा, मी जेवलो रे." मग आई रडली, फेब्रुवारीपासून पहिल्यांदा, आवाज करून. हितूने कानांवर हात ठेवले, पण तिथून उठून गेली नाही.

संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन चेलना ताईंना फोन केला. सोबत मी येईन म्हटलं. हर्षल बाजूला उभा होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "मला शनिवारची गाडी आधी सांगत जा. मी जळगावच्या स्टँडवर घ्यायला येत जाईन."

मी वर्षाची बिनपगारी रजा घेतली. जूनपासून मी आणि हितू देवपूरच्या घरी राहतो. मी रोज गोदामाच्या त्या कोपऱ्यात बसून ज्वारी निवडते. माझ्या पिशवीत पेला असतो. माझा आवाज आबांसारखा घुमत नाही. हितू म्हणते, "हळू. घाई करू नकोस." चुकलं की परत म्हणायला लावते. ती अजूनही आडवी पडते, चावते. गेल्या आठवड्यात एका मुलाच्या हाताला टाके पडता पडता राहिले. ताई म्हणतात वर्ष लागेल, दोन लागतील. त्यांनाही दिसल्याशिवाय पुकारण्याची सवय नाही. आई आता आमच्याबरोबर जेवते.

आबांबद्दल हितू काही विचारत नाही. तिच्यापुरती ती गोष्ट सांगून झाली.

शनिवारी आम्ही जळगावची गाडी धरतो. स्टँडवर हल्ली ध्वनिमुद्रित आवाज आहे, एका बाईंचा, स्पष्ट आणि चांगला. एका शनिवारी आमची गाडी लागलेली होती, लोक चढत होते, आणि मी आबांच्या त्या काचेच्या खिडकीखाली थांबले होते. का, ते मला सांगता येणार नाही. भोंग्यातून नंदुरबार पुकारलं, शिरपूर पुकारलं, मध्ये थोडी खरखर झाली. मी मान वर करून उभी होते.

हितूने माझी ओढणी ओढली.

"आई," ती म्हणाली, "ती रद्द आहे. चल."